गोळ्यांचा २८ खणांचा डबा: घ्या, पण भरण्याआधी यादी तपासून घ्या

आठवड्याचे सात दिवस आणि दिवसाला चार खण असा २८ खणांचा प्लास्टिकचा डबा आता बऱ्याच मेडिकलमध्ये आणि ऑनलाइन मिळतो. सात खणांचा साधा, चौदा खणांचा सकाळ-संध्याकाळचा, गजर वाजवणारा आणि कुलूपबंद गोल असे त्याचे भाऊबंदही आहेत. हे परीक्षण मुख्यतः २८ खणांच्या, दिवसाची पट्टी सुटी निघणाऱ्या डब्याचं आहे, कारण पाच-सहापेक्षा जास्त गोळ्या चालू असलेल्या घरात तोच खरा उपयोगी पडतो. पाचापैकी साडेतीन गुण. जो दीड गुण कापला, त्यातला अर्धा गुण डब्याच्या बनावटीसाठी आहे. उरलेला एक गुण पाकिटावर छापलेल्या दाव्यासाठी. 'आता औषधांची काळजी नको' अशा अर्थाचं काहीतरी त्यावर असतं, आणि ते धोकादायक आहे.

डब्यामुळे विसरणं कमी होतं. यादीत चुकीची, दुबार किंवा केव्हाच बंद व्हायला हवी होती अशी गोळी असेल, तर डबा तीही रोज न चुकता पोटात पोचवतो. इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये हेच निदर्शनास आणलं होतं: आधी गोळ्या अनियमित घेणाऱ्या वयस्कर रुग्णांना डबा दिला, की काहींना त्रास सुरू होतो. त्यामागची साखळी सोपी आहे. रुग्ण बीपीची गोळी आठवड्यातून तीन-चारदाच घेतो, म्हणून बीपी चढलेलं दिसतं. डॉक्टरांना हे ठाऊक नसतं. ते मात्रा वाढवतात, मग दुसरी गोळी जोडतात. एक दिवस मुलगी डबा आणते, नीट भरते, आणि लिहिलेली सगळी मात्रा पहिल्यांदाच पूर्ण पोटात जाते. बीपी घसरतं, पहाटे बाथरूमला जाताना माणूस पडतो. शुगरच्या गोळ्यांचंही तसंच होतं. म्हणून डबा सुरू करायच्या आधी, गोळ्या प्रत्यक्षात किती घेतल्या जात होत्या हे डॉक्टरांना खरं सांगावं. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. डबा सुरू केल्यावर पहिले दोन आठवडे घरी बीपी आणि शुगर नेहमीपेक्षा जास्त वेळा मोजावी.

डबा भरण्याआधीचं काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळून डबा विकत घेण्यात अर्थ नाही. घरातली सगळी औषधं एका पिशवीत गोळा करा. सगळी म्हणजे फ्रिजमधलं इन्शुलिन, डोळ्यांचे थेंब, इनहेलर, गुडघ्याला चोळायचं मलम, उशीखालची झोपेची गोळी, शेजाऱ्यांनी सुचवलेलं चूर्ण, टॉनिक, कॅल्शियम आणि 'लागली तर घेतो' असं म्हणत रोज घेतली जाणारी दुखण्याची गोळीसुद्धा. मग कागदावर पाच रकाने आखा: पाकिटावरचं नाव, त्यातलं औषध आणि मिलिग्रॅम (हे बारीक अक्षरात असतं, फोनने फोटो काढून मोठं करून वाचा), कशासाठी, कोणी आणि कधी लिहून दिलं, कधी आणि कसं घ्यायचं. तिसरा रकाना भरताना ज्या गोळ्यांपुढे कोणालाच काही लिहिता येत नाही, त्या लाल पेनने गोल करा. डॉक्टरांकडे सर्वांत आधी त्यांच्याबद्दल विचारायचं.

दुसऱ्या रकान्यात नेहमी घबाड सापडतं. आपल्याकडे एकाच औषधाची डझनावारी नावं आहेत आणि एका गोळीत दोन-तीन औषधं घालायची पद्धतही आहे. टेल्मा-एएममध्ये टेल्मिसार्टनसोबत ॲम्लोडिपिन असतं, दोन्ही बीपीची औषधं. जुन्या डॉक्टरांची स्टॅम्लो (तीही ॲम्लोडिपिनच) चालूच राहिली, तर ॲम्लोडिपिन दुप्पट झालं. ग्लायकोमेट-जीपीमध्ये ग्लिमेपिराइड हे शुगर उतरवणारं औषध आहे. सोबत ॲमरिल असेल तर तेच पुन्हा, आणि वयस्कर माणसाची शुगर रात्री खाली जायला तेवढं पुरतं. एकोस्प्रिन-एव्हीमध्ये ॲटोरव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध असतं हे विसरून त्याच गटातली रोसुवास वेगळी चालू असते. पॅन-डी एका डॉक्टरांची, पॅन्टोसिड दुसऱ्यांची, आणि दोन्हींत ॲसिडिटीचं पॅन्टोप्राझोलच. दवाखान्यातून घरी आल्यावर हे सर्वाधिक होतं: डिस्चार्ज कार्डावर तिथल्या फार्मसीत मिळणारं नाव असतं, घरी जुनं पाकीट असतं, आणि दोन्ही डब्यात जातात. जनऔषधी केंद्रातून औषध घेणाऱ्यांना एक फायदा आहे. तिथल्या पाकिटावर औषधाचं मूळ नावच मुख्य असतं, त्यामुळे दुबार गोळी पटकन नजरेत भरते. पण ब्रँडवरून जनऔषधीवर जाताना ब्रँडचं पाकीट कपाटातून काढून टाकलं नाही, तर हीच चूक तिथेही होते.

पॅरासिटामॉलची बेरीज आवर्जून करा, कारण हे औषध तापाच्या, सांधेदुखीच्या आणि पाठदुखीच्या गोळ्यांतही लपलेलं असतं. डोलो ६५० दिवसातून तीनदा म्हणजे १९५० मिलिग्रॅम. झिरोडॉल-एसपीमध्ये ३२५, दोनदा घेतली तर ६५०. अल्ट्रासेटमध्येही ३२५, तीही दोनदा तर आणखी ६५०. एकूण ३२५० झाले. धडधाकट प्रौढाची दिवसाची कमाल मर्यादा ४००० आहे, पण ५० किलोच्या आतल्या, अशक्त किंवा यकृताचा आजार असलेल्या माणसासाठी डॉक्टर ती बरीच खाली ठेवतात. तीनही गोळ्या वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर असतात, म्हणून ही बेरीज कोणी करतच नाही.

आता यादी घेऊन एकाच डॉक्टरांकडे जायचं. हृदयाचे, हाडांचे, मेंदूचे, किडनीचे डॉक्टर आपापल्या अवयवापुरतं बरोबरच लिहीत असतात. सगळं मिळून माणसाला झेपतंय का हे बघायला फॅमिली डॉक्टर किंवा फिजिशियन लागतो. पाच किंवा जास्त औषधं नियमित चालू असतील तर जगभर त्याला बहुऔषधी अवस्था मानतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांपासून होणारी इजा टाळण्यासाठी जी मोहीम सुरू केली, तिच्या तीन मुख्य विषयांपैकी हा एक होता. पाच हा आकडा वाईट आहे असं मात्र नाही. हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या मधुमेही माणसाला सात गोळ्या रास्त असू शकतात, आणि एखाद्याला तीनही जास्त असतात.

भेटीला जाताना क्रिएटिनिन आणि ईजीएफआर, सोडियम, पोटॅशियम, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) आणि बी१२ यांचे अलीकडचे रिपोर्ट सोबत असू द्या. ईजीएफआर म्हणजे किडनी किती काम करते हे सांगणारा आकडा, तो वय वाढतं तसा गुपचूप घसरतो आणि गोळ्या मात्र दहा वर्षांपूर्वीच्याच राहतात. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी ईजीएफआर ४५ च्या खाली गेल्यावर साधारण निम्म्यावर आणतात आणि ३० च्या खाली बंद करतात. बी१२ अशासाठी, की मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची गोळी दोन्ही वर्षानुवर्षं घेतल्या तर ते कमी होऊ शकतं. मग पायाला मुंग्या येतात आणि त्यावर आणखी एक गोळी सुरू होते. बीपीही घरी दोन प्रकारे मोजून न्या: पाच मिनिटं आडवं पडून, आणि मग उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० नी किंवा खालचा १० नी पडत असेल, तर बीपीच्या, प्रोस्टेटच्या आणि झोपेच्या गोळ्यांचा पुन्हा विचार व्हायला हवा.

डॉक्टरांना विचारायचा सर्वांत मोलाचा प्रश्न: 'ही गोळी दुसऱ्या एखाद्या गोळीच्या त्रासासाठी तर सुरू झाली नाही ना?' याची दोन उदाहरणं आपल्याकडे घरोघरी दिसतात. ॲम्लोडिपिनने पाय सुजतात. सूज पाण्याची समजून लघवीची गोळी, लॅसिक्स किंवा डायटर, सुरू होते. ॲम्लोडिपिनची सूज त्याने फारशी उतरत नाही, पण पोटॅशियम उतरतं आणि रात्री उठबस वाढते. दुसरं उदाहरण जास्त वाईट आहे. चक्कर येते म्हणून स्टेमेटिल किंवा स्टुजरॉन सुरू होते आणि कोणी बंद करत नाही. काही महिन्यांत हात थरथरतो, चाल मंदावते, चेहरा निर्विकार होतो. पार्किन्सन समजून सिंडोपा येते. सिंडोपाने उभं राहताना बीपी पडतं, म्हणजे पुन्हा चक्कर, म्हणजे पुन्हा स्टेमेटिल. या चक्रातून सुटायला नवीन गोळी लागत नाही. जुनी कधी सुरू झाली ती तारीख लागते. म्हणून चौथ्या रकान्यात 'कधी' लिहायचंच.

आणखी एक त्रिकूट: टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी बीपीची गोळी, लघवीची गोळी आणि दुखण्याची गोळी (ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक). तीनही एकत्र आल्या की किडनीचा रक्तपुरवठा तिन्ही बाजूंनी आवळला जातो. टेल्मा-एचमध्ये पहिल्या दोन आधीच एकत्र आहेत, त्यामुळे गुडघ्यासाठी काउंटरवरून घेतलेली झिरोडॉल (ॲसिक्लोफेनॅक) ही नकळत तिसरी ठरते. जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालेलं असेल तर धोका आणखी वाढतो.

अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीचे बीअर्स निकष (पहिले १९९१ मध्ये आले, २०२३ मध्ये सुधारले) ६५ वर्षांवरच्यांसाठी शक्यतो टाळायच्या औषधांची यादी देतात. त्यातली आपल्या ओळखीची: अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपाम या झोपेसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्या (पडणं, हाड मोडणं, गोंधळ), ग्लिमेपिराइड-ग्लिबेनक्लामाइड गटातल्या शुगरच्या गोळ्या (शुगर खाली जाणं) आणि आठ आठवड्यांच्या पुढे कारणाशिवाय चालू असलेली पॅन्टोप्राझोलसारखी गोळी. कारण असेल तर तीच गोळी योग्य असते. एकोस्प्रिनसोबत क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी चालू असताना पोटाच्या संरक्षणासाठी दिलेली पॅन्टोप्राझोल हे त्याचं उदाहरण.

हे वाचून घरच्या घरी गोळ्या गाळायच्या नाहीत. मेटोप्रोलॉल आणि आर्कामिन या बीपीच्या गोळ्या, प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडं, फिटची औषधं आणि झोपेच्या गोळ्या अचानक थांबवल्या तर त्रास उलटतो, कधीकधी जिवावर बेततं. स्टेंट बसवल्यानंतरची रक्त पातळ ठेवणारी गोळी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही सोडू नये. कमी करताना डॉक्टर सहसा एका वेळी एकच गोळी घेतात, हळूहळू उतरवतात आणि काही आठवडे बघतात. एकदम चार बंद केल्या आणि त्रास झाला, तर कशामुळे झाला ते कळणारच नाही.

यादी पक्की झाली, आता डबा. खण मोठे हवेत. कॅल्शियमची आणि मेटफॉर्मिन १००० ची गोळी सुमारे दोन सेंटिमीटर लांब असते. अशा दोन आणि वर तीन लहान गोळ्या बसल्या पाहिजेत, नाहीतर झाकण अर्धवट लागतं आणि बाजारात नेलेल्या पिशवीत गोळ्या पसरतात. झाकण पारदर्शक असावं, म्हणजे खण रिकामा की भरलेला हे लांबून दिसतं. संधिवाताची बोटं असतील तर नखाने उचलायचं झाकण बिनकामाचं; दाबून उघडणारं घ्या. दुकानातच आजी-आजोबांकडून उघडून बघा, स्वतः उघडून बघण्यात काही हशील नाही. दिवसाची पट्टी सुटी निघणं हा या डब्याचा सर्वांत मोठा फायदा: प्रवासाला एका दिवसाची पट्टी नेता येते, बाकी डबा घरी सुरक्षित राहतो.

खणांवरचे मॉर्न, नून, ईव्ह, बेड हे इंग्रजी छापील शब्द आपल्या घरात उपयोगाचे नाहीत, आणि आपल्या दिवसाला ते लागूही पडत नाहीत. थायरॉइडची गोळी उठल्याउठल्या उपाशीपोटी, चहाच्या आधी किमान अर्धा तास. बीपी आणि शुगरची नाश्त्याच्या वेळी. दोन्ही 'सकाळी'च, पण एकत्र नाही. त्या छापील शब्दांवर पांढरी चिकटपट्टी लावून जाड पेनाने 'उठल्यावर', 'नाश्ता', 'दुपारचं जेवण', 'रात्रीचं जेवण' असं लिहा. कॅल्शियम आणि लोहाची गोळी थायरॉइडपासून चार तास लांब ठेवायची, म्हणून तिची जागा दुपारच्या खणात. चिठ्ठीवरचं १-०-१ म्हणजे कोणकोणते खण, हे भरणाऱ्याला एकदा फार्मासिस्टकडून समजून घेऊ द्या. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स २०१५ प्रमाणे औषध कसं घ्यायचं हे समजावणं नोंदणीकृत फार्मासिस्टच्या कामातच येतं, उपकार नाहीत ते.

भरताना गोळीनुसार भरा, दिवसानुसार नाही. म्हणजे टेल्माचं एक पाकीट घ्या, सातही दिवसांच्या नाश्त्याच्या खणात एकेक टाका, पाकीट बाजूला ठेवा, यादीवर खूण करा, मग दुसरं पाकीट. दिवसानुसार भरलं की टीव्हीवरच्या बातमीने लक्ष जातं आणि बुधवारी दोन पडतात. शेवटी प्रत्येक खणातल्या गोळ्या मोजा. रोजच्या गोळ्यांचा सातही दिवसांचा आकडा सारखा आला पाहिजे. रिकामी पाकिटं तो आठवडा संपेपर्यंत फेकू नका, कारण डब्यात पडलेल्या गोळीवर ना नाव असतं, ना एक्सपायरी. एका वेळी सात दिवसांचंच भरा. पावसाळ्यात कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत महिनाभराचं भरलं तर जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल एकमेकींना चिकटतात. डबा स्वयंपाकघरात ओट्याजवळ किंवा बाथरूमच्या कपाटात नको.

काही औषधं या डब्यात मुळीच जात नाहीत, आणि डब्याच्या माहितीपत्रकात हे क्वचितच सांगितलेलं असतं. फिटसाठीचं सोडियम व्हॅलप्रोएट (एन्कोरेट, व्हॅलपॅरिन) आणि रक्त पातळ करणारं डॅबिगाट्रान हवेतल्या ओलाव्याने खराब होतात. ती मूळ पाकिटातच राहावीत. पाकीट कात्रीने कापून तुकडा खणात टाकू नका. नीट न दिसणाऱ्या वयस्कर माणसांनी फॉइलसकट गोळी गिळल्याचे आणि तिच्या धारदार कडेने अन्ननलिका कापल्याचे प्रकार डॉक्टरांनी नोंदवले आहेत. त्याऐवजी त्या खणात 'एन्कोरेट पाकिटातून' अशी चिठ्ठी ठेवा. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट खिशात हवी, डब्यात नाही. 'एसओएस' म्हणजे लागली तरच घ्यायची गोळी खणात ठेवली की ती रोजची होते. पाच दिवसांचं अँटिबायोटिक वेगळं ठेवा, त्यावर शेवटची तारीख लिहा. मेथोट्रेक्सेट (फोलिट्रॅक्स) सांधेदुखीसाठी आठवड्यातून एकदाच असतं. चुकून रोजच्या खणांत भरलं गेलं तर रक्तपेशी घसरून माणूस दगावू शकतो. त्याचा वार यादीवर लाल पेनने लिहा आणि शक्यतो फक्त त्या दिवशी, कोणीतरी हातात द्यावं. ॲसिट्रोमसारखी रक्त पातळ करणारी गोळी दिवसाआड वेगळ्या मात्रेत असेल तर डबा खरोखर मदत करतो, पण आयएनआर (रक्त किती पातळ झालं हे सांगणारी चाचणी) तपासल्यावर मात्रा बदलली तर उरलेला आठवडा लगेच उपसून पुन्हा भरा.

गोळी गिळवत नाही म्हणून कुटून ठेवायची सवय असेल, तर एसआर, एक्सएल, सीआर (म्हणजे हळूहळू सुटणाऱ्या) लिहिलेल्या आणि एकोस्प्रिनसारख्या वेष्टन असलेल्या गोळ्या त्यातून वगळा. दिवसभर हळूहळू सुटायचं औषध कुटल्यावर एकदम सुटतं. दुपारचा खण रात्री भरलेला दिसला तर रात्री दोन्ही घेऊ नयेत. सहसा तो खण सोडून पुढच्या वेळेला नेहमीची मात्रा घेतात. फिटच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीसाठी काय करायचं, ते आधीच विचारून यादीच्या मागे लिहून ठेवा.

बनावटीबद्दल मोठी तक्रार एकच: हा डबा लहान मूल सहज उघडतं. गोळ्या रंगीत, खणही रंगीत. ॲम्लोडिपिनची किंवा ग्लिमेपिराइडची एकच गोळी दोन वर्षांच्या मुलासाठी आणीबाणी ठरू शकते. नातवंडं येणाऱ्या घरात डबा टीपॉयवर ठेवायचा नाही, उंचावर.

गजराचा डबा घ्यावा का? ऐकू कमी येत असेल तर नाही, आणि गजर बंद करून 'मग घेतो' म्हणणाऱ्यांसाठीही नाही. दिवसाला दोनच वेळा असतील तर फोनचा गजर पुरतो. कुलूपबंद फिरता डबा महाग आहे, पण घेतलेली गोळी विसरून पुन्हा घेणाऱ्या, स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाच्या घरात पैसे वसूल होतात. ठरलेल्या वेळी एकच खण उघडतो. वेळेनुसार पुड्या बांधून घरपोच देणारी सेवा दिसायला सुरेख असते, पण मध्येच डॉक्टरांनी एक गोळी बंद केली, तर महिनाभराच्या पुड्या फोडून ती गोळी ओळखून काढावी लागते. औषधं अजून बदलत असतील तोवर ती नको. सहा महिने यादी स्थिर असेल तर विचार करावा.

यादीची एक प्रत डब्याखाली, एक पैशांच्या पाकिटात, एक मुलांच्या फोनमध्ये असू द्या. प्रत्येक नव्या चिठ्ठीनंतर आणि दवाखान्यातून घरी आल्यावर त्याच दिवशी ती बदलायची; काहीच बदललं नाही तरी सहा महिन्यांनी पिशवी पुन्हा डॉक्टरांपुढे. औषधाने त्रास झाल्याचा संशय असेल तर भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णालाही कळवता येतं. डबा पंधरवड्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा, कारण कोपऱ्यात गोळ्यांची भुकटी साचते. झाकणाचा सांधा तुटला की चिकटपट्टी लावून चालवू नका, नवा घ्या.